मोत माउलीची जत्रा, आगेरा आणि असे सगळे सण... तुमचे अनुभव लिहा

रानजाई
आज बांद्रा स्टेशनबाहेर मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरी चर्चच्या जत्रेसाठी सोडलेल्या बेस्टच्या जादा गाड्या दिसल्या आणि घरी जायचं सोडून मी तिथेच उभी राहिले. लहानपणी आई न्यायची. ८ सप्टेंबर हा मारियामातेचा जन्मदिवस, त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा. आम्ही ख्रिश्चन नाही, पण गणपतीचे दिवस आले की आईचं सुरू, "माउलीलाही जाऊन यायचंय हं." चढ लागला की मेणाच्या वस्तूंचे स्टॉल. हात, पाय, बाळ, घर. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं ते घ्यायचं आणि माउलीपुढे ठेवायचं. आईचे गुडघे दुखायचे म्हणून ती पाय घ्यायची. पिवळट, जरा तेलकट, साच्याची रेघ टाचेपासून वरपर्यंत गेलेली, अंगठा तेवढा नीट आणि बाकीच्या बोटांच्या नुसत्या खाचा. पिशवीत दाबला जाऊन वाकेल म्हणून तो वरपर्यंत हातात धरून न्यायचं काम माझं. पाऊस उघडल्यावरचं ते चिकट ऊन, गर्दी, आणि मी पाय सांभाळत चालतेय. आई आता नाही. तुम्ही कोणी जाता का? बांद्राच पाहिजे असं नाही, आगेरा, वसईकडचे सण, हरेगावची यात्रा, जे आठवेल ते लिहा.

खिडकीजवळची सीट
वाचून गलबलून आलं गं. आईंना नमस्कार.

चकलीचं पीठ
कडिओ-बोडिओ!! गुळात घोळवलेल्या त्या कडक कांड्या, आल्याचा झणका. आणि पेरूचं चीज, म्हणजे पेरूची गोड वडी. आमच्या घरात देवदर्शन दुय्यम आणि खाऊ मुख्य, बाबा उघड म्हणायचे. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

गावठाण
आमचं आजोळ गोराईचं, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडचे मूळचे ख्रिश्चन. आगेरा म्हणजे ऑक्टोबरचा पहिला रविवार, नवीन भाताचा सण. शेतातून कापलेल्या लोंब्या सजवून मिरवणुकीने चर्चमध्ये, पुढे ब्रास बँड, मागे लुगडं नेसून नटलेल्या सगळ्या मावश्या, फादर आशीर्वाद देणार आणि मग प्रत्येक घर आपापल्या लोंब्या घेऊन जाणार, आजी त्या घरातल्या अल्तारावर (देव्हाऱ्यावर) क्रुसाशेजारी लावायची आणि पुढच्या आगेरापर्यंत त्या तिथेच, वाळून खडखडीत झाल्या तरी कोणाला हात लावू द्यायची नाही. दुपारी फुगे आणि सोरपोतेल (डुकराच्या मटणाचा रस्सा). आता शहरातल्या गावठाणांत शेतं कुठे राहिलीत, लोंब्या बाहेरून मागवतात, पण सण होतो हे महत्त्वाचं, तो बंद पडता कामा नये असं मला अगदी मनापासून वाटतं. आणि हो, लोक अजून विचारतात तुम्ही मूळचे गोव्याचे का. नाही हो! इथलेच, घरात मराठीच बोलतो. गोवा आणि मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिश्चनांपासून आपली वेगळी ओळख राहावी म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, ईस्ट इंडियन हे नाव घेतलं.

चकलीचं पीठ
@गावठाण फुगे म्हणजे ते गोल तळलेले ना? यीस्ट घालता की ताडी? रेसिपी द्या ना प्लीज

गावठाण
आजी ताडी घालायची, आता यीस्टच. पीठ सैलसर हवं, हाताच्या मुठीतून पिळून तेलात सोडायचं. आईला विचारून प्रमाण टाकतो.

बाराखडी
शेजारी मंगळूरचं कुटुंब होतं. त्यांच्याकडे ८ सप्टेंबरला मोंती फेस्त. आधीचे नऊ दिवस पोरं चर्चमध्ये बाल मारियेला फुलं वाहायची, आमच्या सोसायटीतली जास्वंद त्या दिवसांत शिल्लक राहायची नाही, आणि माझी आजी पूजेला फुलं नाहीत म्हणून करवादायची आणि वर स्वतःच त्यांना फांदी वाकवून द्यायची. सणाला चक्क शाकाहारी जेवण, केळीच्या पानावर, भाज्या विषम संख्येत. नव्या भाताचे दाणे घरातल्या सगळ्यांनी खायचे. आम्हालाही वाटीत यायचे. आमच्या नवान्नासारखंच सगळं.

एसटी स्टँड
हरेगावचं नाव वाचून बरं वाटलं, नाहीतर मुंबईच्या पुढे कोणी जात नाही. श्रीरामपूर तालुका. मतमाउलीची यात्रा सप्टेंबरातच. मराठवाड्यातून माणसं टेम्पो करून येतात, काही पायी. मी मित्राच्या घरच्यांबरोबर गेलो होतो. रात्रभर टाळ-ढोलकीवर भजनं, शब्द येशू-मारियेचे आणि चाल ऐकली तर आपली वारीचीच. मित्राच्या आजीने चटईवर माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती आणि भाकरी-पिठल्याचा डबा उघडला. झोप कसली लागतेय.

रानजाई
@एसटी स्टँड किती छान. हे मला माहीतच नव्हतं.

तांब्याभांडं
थोडं विषयांतर. मेणवलीला, वाईजवळ, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर मोठी घंटा आहे, बघितलीय का? त्यावर बाळ येशूला घेतलेली मारियामाता आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा अशा देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटाही त्यातलीच. मी त्या घंटेवरून हात फिरवला होता, अक्षरं बोटांना लागतात.

खिडकीजवळची सीट
अय्या मेणवलीला गेलोय आम्ही! शूटिंग कुठे कुठे झालं तेच बघत बसलो, घंटेवर काय आहे ते पाहिलंच नाही

दुसरी पाळी
कोरोनात २०२० ला जत्रा झाली नाही तेव्हा माझी मिसेस प्रेग्नंट होती. तिच्या आईने नवस बोलला होता. पुढच्या वर्षीही जत्रा नाही. २०२२ ला मुलीला कडेवर घेऊन गेलो, मेणाचं बाळ घेतलं. गर्दी प्रचंड पण अनोळखी लोक सरकून वाट देत होते. सासूबाई रडत होत्या. एवढंच. ड्युटीवर आहे.

बाराखडी
❤️ लेकीला गोड पापा

चकलीचं पीठ
आले परत. रानजाई ताई, या रविवारी मी जाणार आहे, येतेस का? स्टेशनला भेटू. सकाळी लवकर जायचं, अकरानंतर तो चढ नको वाटतो.

रानजाई
येते. किती वाजता? साडेसात चालेल?

गावठाण
साडेसहाला निघा, माझं ऐका. आणि फुग्यांचं प्रमाण आलंय: अर्धा किलो मैद्याला दोन अंडी, नारळाचं दूध, मीठ, चमचाभर साखर. रात्रभर फुगू द्यायचं.

चकलीचं पीठ
अंड्याशिवाय होतील का?