‘ॲव्हेंच्युरीन’ला मराठीत ‘अभ्रकी गारगोटी’ म्हणावे का?

ॲव्हेंच्युरीन म्हणजे आत बारीक कण लुकलुकणारा क्वार्ट्‌झचा, म्हणजे गारगोटीचा, शोभेचा दगड. त्याच्या हिरव्या प्रकाराला मराठीत ‘भारतीय जेड’ म्हणावे, अशी एक सूचना असते; ती मला मान्य नाही. खड्यांच्या बाजारात हे नाव चालते हे खरे. परंतु जेड म्हणजे नेफ्राइट किंवा जेडाइट, आणि या दोहोंशी आपल्या दगडाचे रंगापलीकडे काही नाते नाही. काठिण्य दोन्हीकडे मोह्स मापनपट्टीवर ६ ते ७ च्या दरम्यान असल्याने ओरखड्यावरून निवाडा होत नाही, पण वजनावरून होतो: ॲव्हेंच्युरीनचे विशिष्ट गुरुत्व सुमारे २.६५, नेफ्राइटचे सुमारे ३ आणि जेडाइटचे सुमारे ३.३ असते.

मूळ शब्दाची कथा मला फार आवडते. इटालियन भाषेत ‘आ व्हेंतुरा’ म्हणजे योगायोगाने. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर काचेच्या रसात तांब्याचा कीस चुकून पडला आणि चमचमती काच तयार झाली, अशी आख्यायिका आहे. पुढे तशीच लुकलुक दाखवणाऱ्या दगडाला त्या काचेचे नाव मिळाले. एरवी नकलेला अस्सलाचे नाव देतात, येथे नेमके उलटे घडले.

हिरव्या दगडातील लुकलुक मात्र तांब्याची नव्हे, अभ्रकाची आहे. चिकणमातीचा अंश असलेला वालुकाश्म जमिनीखाली उष्णतेने व दाबाने रूपांतरित होताना त्यात क्रोमियम असेल, तर फुक्साइट हे हिरवे अभ्रक तयार होते. त्याचे बारीक पापुद्रे बहुधा एकाच दिशेने आडवे पडतात, म्हणून दगड हातात कलता केला की एका विशिष्ट कोनातच तो चमकतो. कारागिराला ही दिशा ओळखूनच दगड कापावा लागतो. दगड अपारदर्शक किंवा अर्धपारदर्शक असल्यामुळे त्याला सहसा पैलू न पाडता घुमटाकार घासतात. मणी, वाट्या आणि कोरीव मूर्तीही त्याच्या होतात. कर्नाटकातील म्हैसूर परिसरातून तो मिळतो.

क्वार्ट्‌झसाठी ‘गारगोटी’ हा अस्सल शब्द आपल्याकडे आहेच, आणि लहानपणी अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणग्या पाहिलेल्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. म्हणून मी ‘अभ्रकी गारगोटी’ सुचवतो. नुसते ‘चमकदार गारगोटी’ म्हटल्यास चमकेचे कारण हरवते, आणि ‘हिरवी गारगोटी’ म्हटल्यास क्रिसोप्रेज हा गारगोटीच्याच कुळातला खडाही त्यात येतो, ज्याचा हिरवा रंग निकेलमुळे असतो. पहिल्या उल्लेखात ‘अभ्रकी गारगोटी, म्हणजेच ॲव्हेंच्युरीन’ असे लिहावे आणि पुढे मराठी शब्दच वापरावा.