‘क्षीणन’, ‘विघटन’ आणि ‘ऱ्हास’: भूजलातील इंधनाविषयी लिहिताना कोणता शब्द कोठे?

विचारणा: भूजलात मिसळलेल्या पेट्रोलचे घटक निसर्गतः किती नाहीसे झाले, हे समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंच्या) मोजणीवरून ठरवण्याच्या पद्धतीवर मी लिहीत आहे. मसुद्यातील ‘समस्थानिकांच्या ऱ्हासावरून प्रदूषकांचा ऱ्हास मोजणे’ या वाक्यात ‘ऱ्हास’ हा शब्द दोन्ही ठिकाणी चुकला आहे, असा शेरा एका जाणकाराने मारला. चूक नेमकी कोणती?

प्रतिसाद: शेरा योग्य आहे, आणि दोन्ही चुका वेगवेगळ्या आहेत. समस्थानिकांच्या संदर्भात ‘ऱ्हास’ म्हटले की वाचकाच्या मनात किरणोत्सारी ऱ्हास येतो, येथे मात्र कार्बन-१२ (सुमारे ९८.९ टक्के) आणि कार्बन-१३ (सुमारे १.१ टक्का) हे दोन्ही स्थिर समस्थानिक आहेत, त्यांचे काहीच होत नाही. तुटतो तो पेट्रोलमधील बेंझीनचा किंवा टोल्युइनचा रेणू.

दुसरी चूक अधिक महत्त्वाची आहे. विहिरीतील बेंझीनची संहती घटण्याला अनेक कारणे असतात: स्वच्छ पाणी मिसळून ते विरळ होते, मातीच्या कणांना चिकटते, काही उडून जाते, आणि काही भाग सूक्ष्मजीव खातात. या सगळ्यांना मिळून ‘नैसर्गिक क्षीणन’ म्हणावे. ‘जैवविघटन’ हा शब्द केवळ शेवटच्या प्रक्रियेसाठी राखून ठेवावा. ही काटेकोरी शब्दांपुरती नाही, कारण हा भेद ओळखण्यासाठीच ही पद्धत वापरतात. पाणी मिसळल्याने समस्थानिकांचे गुणोत्तर बदलत नाही आणि कणांना चिकटण्याने किंवा उडून जाण्याने सहसा फारच थोडे बदलते. परंतु सूक्ष्मजीव बंध तोडतात तेव्हा कार्बन-१२ असलेला बंध किंचित लवकर तुटतो आणि उरलेल्या बेंझीनमध्ये कार्बन-१३ चे प्रमाण वाढत जाते. दोन्हींसाठी एकच शब्द वापरला, तर पद्धतीचे प्रयोजनच वाक्यातून गळून पडते.

विचारणा: या असमान वाटणीसाठी मी ‘पृथक्करण’ लिहिले आहे. ते चालेल का?

प्रतिसाद: चालू नये. ‘रासायनिक पृथक्करण’ म्हणजे प्रयोगशाळेतील विश्लेषण हा अर्थ मराठीत पक्का रुजला आहे, त्यामुळे ‘समस्थानिकांचे पृथक्करण’ हे निसर्गाने केले की प्रयोगशाळेने, असा घोळ होईल. ‘प्रभाजी ऊर्ध्वपातन’ परिचित आहे, तेव्हा ‘प्रभाजन’ घ्यावे. तो थोडा रुक्ष वाटतो, हे मान्य. पण गुणोत्तरातील बदलावरून विघटनाचा हिशेब ज्या समीकरणाने होतो, ते भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचे समीकरणही मुळात ऊर्ध्वपातनाच्या अभ्यासातूनच आले आहे.

प्रभाजनाचा गुणांक (विघटनात ही वाटणी किती असमान होते ते सांगणारा आकडा) दर हजारी उणे २ असेल आणि उरलेल्या संयुगातील समस्थानिकांच्या गुणोत्तराचे मूल्य मूळ मूल्यापेक्षा दर हजारी २ ने वाढले असेल, तर सुमारे ३७ टक्के संयुग शिल्लक आहे, म्हणजे सुमारे ६३ टक्क्यांचे विघटन झाले आहे. तेवढ्याच वाढीला गुणांक उणे १० धरला, तर विघटन जेमतेम १८ टक्के निघते. सूक्ष्मजीवांना ऑक्सिजन मिळतो की नाही यावरही गुणांक बदलतो. पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या एमटीबीईच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. म्हणून ‘विघटन मोजले’ असे न लिहिता ‘विघटनाचा अंदाज केला’ असे लिहावे.

आणखी एक प्रतिसाद: वरील मताशी सहमत असून ‘अंदाज’ या शब्दाआधी ‘किमान’ हे विशेषण जोडावे, असे मी सुचवेन. जमिनीखाली साचलेल्या इंधनातून नवे, अविघटित बेंझीन पाण्यात सतत विरघळत असेल, किंवा वेगवेगळ्या थरांतील पाणी एकाच नमुन्यात मिसळले असेल, तर गुणोत्तरातील वाढ प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते आणि रॅले समीकरणाने काढलेला आकडा खऱ्या विघटनापेक्षा लहान येतो. ‘किमान ६३ टक्के’ हा शब्दप्रयोगही गुणांकाची निवड त्या जागेला साजेशी असेल तरच करता येईल, हे तळटीपेत न ढकलता त्याच वाक्यात यावे.