शेवाळाचे प्राध्यापक द्राक्षाच्या जिल्ह्यात काय करतात?

निफाडकर

मुलगी नाशिकला एमएस्सी बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी गाईड निवडायचा होता, म्हणून परवा तिच्यासोबत कॉलेजात गेलो. ती आत फॉर्म भरत होती, मी बाहेर बाकावर. समोर बोर्ड. विभागातले सर-मॅडम आणि प्रत्येकाच्या नावापुढे संशोधनाचा विषय. रिकामा होतो, सगळं वाचून काढलं. गोड्या पाण्यातलं शेवाळ. नेचे. परागकण. देवरायांतल्या वनस्पती. एक मॅडम शेणावर उगवणाऱ्या बुरशीवर (थट्टा नाही, तसंच लिहिलेलं). सहा जणांत द्राक्ष कुणाकडेच नाही. कांदाही नाही.

माझी साडेतीन एकर बाग आहे. 2019 च्या परतीच्या पावसात ऐन फुलोऱ्यात डावणी (डाउनी मिल्ड्यू हा द्राक्षाचा रोग) आली आणि घड डोळ्यांदेखत गळून गेले. जिल्ह्याचं पोट ज्या पिकावर चालतं, त्याच्याकडे बघायला सहातला एकही नसावा? पगार तर सरकारी तिजोरीतून जातो. माझं म्हणणं सरळ आहे, निदान निम्म्या प्राध्यापकांचे विषय जिल्ह्याच्या गरजेतून ठरावेत. आवड ज्याने त्याने रविवारी जपावी.

निवृत्त मास्तर

31 वर्षं बॉटनी शिकवली, म्हणून राहवत नाही. निफाडकर, तुम्ही बोर्डो मारता ना? ते मोरचूद-चुन्याचं मिश्रण फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाचं आहे. मियार्दे त्यांचं नाव. 1882 मध्ये त्यांना दिसलं की रस्त्याकडेच्या वेलींना पानं शाबूत आहेत आणि आतल्या वेली डावणीने उघड्या पडल्यात. चौकशी केली तर कळलं, वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून मालक कडेच्या वेलींवर ते निळसर पाणी शिंपडतो. मियार्देंनी प्रयोग करून 1885 मध्ये ते जगापुढे मांडलं. प्राध्यापकाला मोकळं फिरू द्या, काम आपोआप होतं.

गोदाकाठ

मास्तर, तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटलं की! मियार्दे द्राक्षाच्या मुलखात राहून द्राक्षाच्याच रोगांवर काम करत होते, म्हणून तर वेलींकडे बघत चालले होते. नेच्यांचे अभ्यासक असते तर बांधावरचे नेचे बघत पुढे गेले असते. निफाडकर नेमकं हेच मागतायत.

निवृत्त मास्तर

सापडलो, मान्य. उदाहरण मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

निफाडकरांनी यादीत पहिलं नाव शेवाळाचं घेतलं, तिथूनच सुरुवात करू. डावणीला आपण सवयीने बुरशी म्हणतो, पण ती खरी बुरशी नाही. वंशावळ लावली तर ती भुरीपेक्षा (तो द्राक्षाचा दुसरा रोग, खऱ्या बुरशीचा) तपकिरी शेवाळाच्या जवळची. बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असतं (कीटकांच्या कवचातलं), हिच्यात झाडांसारखं सेल्युलोज. हिचे बीजाणू दोन शेपट्यांनी पाण्यात पोहतात आणि पानाच्या खालच्या बाजूच्या छिद्रांतून आत शिरतात. पान ओलं राहिलं की तुमची झोप उडते ती यामुळे. भुरीवरचं हेक्साकोनॅझोल हे औषध बुरशीला एर्गोस्टेरॉल, म्हणजे तिच्या पेशीच्या पडद्याला लागणारा पदार्थ, बनवू देत नाही. डावणी एर्गोस्टेरॉल बनवतच नाही, मग ते औषध अडवणार काय? हे वर्गात नीट समजावून सांगायला शेवाळ आणि बुरशी दोन्ही पाहिलेला माणूस लागतो.

निफाडकर

मास्तर, माहिती छान आहे. पण भुरीचं औषध डावणीला चालत नाही हे आमच्या गावच्या कृषी सेवा केंद्रातला पोरगाही सांगतो, आणि तो बारावी नापास आहे. त्याला सेल्युलोज कशाला हवं?

निवृत्त मास्तर

चालणारं औषध चालेनासं झालं की तो पोरगा काय करतो?

निफाडकर

दुसरी बाटली देतो. महागाची.

निवृत्त मास्तर

बरोबर. मेटॅलॅक्सिल आलं तेव्हा डावणीवर रामबाण वाटलं होतं. 80 च्या दशकातच युरोपातल्या बागांत डावणी त्याला दाद देईनाशी झाली. असं का होतं आणि पुढची पाळी कोणत्या औषधाची, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.

तासिकावाली

दोन्ही बाजू त्या बोर्डावर विश्वास ठेवून भांडतायत, म्हणून लिहिते. मी तासिका तत्त्वावर शिकवते. काका, ती यादी आवडीची नसते. तो ज्याच्या-त्याच्या पीएचडीचा विषय असतो. बऱ्याच जणांचा तो विषय पंधरा-वीस वर्षांपूर्वी प्रबंधासोबत कपाटात गेला. त्यानंतर आठवड्याला 16 तास शिकवणं, परीक्षा, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) फायली, निवडणुकीची ड्युटी. 2010 नंतर एपीआयचे गुण (बढतीसाठी मोजायचे) आले आणि पेपर मोजायला सुरुवात झाली. तेव्हा पेपर छापून देणारी दुकानं कशी फोफावली हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आवडीने शेवाळ बघणारा एखादा अजून शिल्लक असेल तर त्याला द्राक्षाकडे ढकलू नका. मलाच माझ्या विषयाकडे शेवटचं कधी बघितलं ते आठवत नाही.

आणि द्राक्षासाठी मांजरीला राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, 1997 पासून. राहुरीचं कृषी विद्यापीठ आहे. कांद्यासाठी चितेगाव फाट्यावर एनएचआरडीएफ ही संशोधन संस्था आहे. मांजरी-राहुरीचा पगारही तिजोरीतूनच जातो. त्यांचं काम सहा बॉटनीवाल्यांनी, तेही जुन्या मायक्रोस्कोपवर, का करावं?

गोदाकाठ

ताई, मांजरी पुण्यात, राहुरी नगर जिल्ह्यात. निफाडच्या माणसाला कॉलेज जवळचं. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडकली तेव्हा लिहोसिन हा शब्द (त्याच औषधाचं बाजारातलं नाव) घराघरात पोचला. पण एवढ्या बायोलॉजीच्या विभागांपैकी कुणी गावात येऊन अंश म्हणजे काय, तो पिकात किती दिवस राहतो, हे समजावल्याचं मला आठवत नाही. संशोधन राहू दे, एक संध्याकाळ तरी?

तासिकावाली

हे मात्र खरं. यावर उत्तर नाही माझ्याकडे.

एमएस्सी भाग दोन

विद्यार्थी म्हणून दोन शब्द. आमचे नेच्यांचे सर आम्हाला पावसाळ्यात अंजनेरी गडावर नेतात. तिथे सेरोपेजिया अंजनेरिका आहे, म्हणजे कंदीलपुष्पाची एक जात, जिचं शास्त्रीय वर्णन 2006 मध्ये झालं आणि जिला गडाचंच नाव मिळालं. गडावर रस्ता करायचं निघालं तेव्हा विरोधकांनी हेच फूल पुढे केलं होतं. झाडाला नावच नसतं तर बोट कशावर ठेवलं असतं?

आणि निफाडकर काका, शेणाच्या बुरशीला हसू नका. आमच्या लॅबला वर्षाला जे पैसे मिळतात त्यात चांगली रसायनं येत नाहीत. मॅडम ताजं शेण काचेच्या हंडीखाली ओलसर ठेवतात. काही दिवसांत पायलोबोलस ही बुरशी उगवते. ती उजेडाच्या दिशेने मान वळवते आणि बीजाणूंची काळी टोपी दोन मीटरपर्यंत फेकते. सकाळी हंडीच्या काचेवर काळे ठिपके चिकटलेले असतात. पुढच्या दिवसांत एक बुरशी मागे हटते, दुसरी येते, शेवटी छोट्या छत्र्या. कोण कोणाच्या मागून येतं आणि का, हे आम्ही फुकटच्या शेणावर शिकलो. तीन वर्षं पुस्तकातून घोकलेलं तिथे पहिल्यांदा कळलं. मॅडमचा विषय द्राक्ष असता तर आम्हाला बहुतेक पीपीटीच मिळाली असती.

(अवांतर: वास फार येत नाही. दुसऱ्या दिवशी सवय होते.)

गोदाकाठ

म्हणजे शिकवायला चांगलं ते संशोधन चांगलं? हा तिसराच मुद्दा झाला. मूळ प्रश्न होता लोकांच्या उपयोगाचा.

निवृत्त मास्तर

लोक म्हणजे फक्त बागायतदार का? नांदूरमध्यमेश्वरचं पाणपक्ष्यांचं अभयारण्य निफाड तालुक्यातच आहे, 2019 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं. तिथे आणि गोदावरीत पाणवेली माजतात, पाणी हिरवं होतं, तेव्हा बघायला शेवाळवालाच लागेल ना?

गोदाकाठ

लागेल. पण तो बघतोय का, हे विचारतोय मी. बोर्डावर असणं आणि पाण्यात उतरणं यात फरक आहे.

निफाडकर

दोन दिवस बागेत होतो, आता सगळं वाचलं. तासिकावाली ताईंचं पटलं. बोर्डावरचं खरं धरून बोललो, ती चूक. मांजरी-राहुरीचंही ठीक. पण सहात एक तरी द्राक्षाचा असावा, यावर मी अजून ठाम आहे. आणि गोदाकाठ म्हणतात त्या एका संध्याकाळसाठी आमच्या सोसायटीचा हॉल मोकळा आहे. चहा माझ्याकडून.

मुलीचा फॉर्म भरून झालाय. तिने शेणाच्या बुरशीवाल्या मॅडम घेतल्या. म्हटलं, अगं, डावणीवर काहीतरी करायचं ना. म्हणाली, "पप्पा, डावणीचं मी लहानपणापासून जेवताना ऐकतेय."

आता रोज सकाळी गोठ्यातून पिशवी भरून नेते.