जहाज ‘किनाऱ्याला लागलं’ की आणखी काही?

मीठवारा: नामिबियाच्या स्केलेटन कोस्टवरचा एक लेख मराठीत आणतेय. २९ नोव्हेंबर १९४२. ‘डनेडिन स्टार’ हे ब्रिटिश जहाज, पोटात युद्धसामग्री, वर १०६ माणसं, पाण्याखाली कशावर तरी आपटलं. आत पाणी भरू लागलं तेव्हा कप्तानाने ते मुद्दाम वाळूवर घातलं. मी लिहिलं, ‘जहाज किनाऱ्याला लागलं’. आईने वाचलं आणि म्हणाली, ‘चला, सुटले बिचारे!’ ‘बुडालं’ लिहिता येत नाही, कारण बुडालं नाहीच. काय लिहू?

डोलकाठी: ‘रुतलं’.

खारजमीन: रुतणं आपोआप होतं, इथे कप्तानाचा निर्णय आहे. ‘वर घेतलं’ही नको, होडी पावसाळ्याआधी वर घेतात. आमचे आजोबा सांगायला येत, ‘खडकाला लागली’, की आजी हातातली भाकरी टाकून धावायची. ‘बंदराला लागली’ म्हटलं की चुलीवर आधण चढायचं. क्रियापद तेच. सगळा जीव त्या ‘ला’च्या आधीच्या शब्दात. तुमच्या वाक्यात ‘किनारा’ आहे, म्हणून आईंना सुटका दिसली.

शब्दपारखी: क्रियापदाचं नंतर बघा, आधी नाव मराठीत आणा. ‘स्केलेटन कोस्ट’ तसंच का ठेवायचं? ‘कंकालतट’ म्हणा.

डोलकाठी: कंकालतट कोण म्हणतं? ‘सांगाड्यांचा किनारा’ म्हटलं की पोरालाही कळतं. देवमाशांची हाडं आणि फुटलेल्या जहाजांच्या फासळ्या, दोन्हीला आपण सांगाडाच म्हणतो. इतका चपखल शब्द सोडून संस्कृताकडे कशाला धावायचं?

खारजमीन: सांगाडा आणि ‘सांगड’ एकाच घरचे असणार! होड्या एकमेकींना बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथातही एकसंध लाकडं जोडून केलेल्या मोठ्या नावांना ‘संगर’ म्हटलंय.

शब्दपारखी: ध्वनी जुळला म्हणून नातं जुळत नाही. मधले टप्पे दाखवा. आणि हाडं म्हणाल तर त्या किनाऱ्यावर माणसांच्याही कथा आहेत: शीर नसलेले बारा सांगाडे, शेजारी १८६० सालची पाटी, तिच्यावर उत्तरेच्या नदीकडे निघाल्याचा निरोप. दंतकथाच ती, पण तिच्यासाठी ‘कंकाल’ शोभतो.

मीठवारा: ती पाटी लेखात आहे, पण मला त्याहून जवळची वाटतात ‘डनेडिन स्टार’वरच्यांना सोडवायला निघालेली माणसं. ‘सर चार्ल्स एलियट’ ही टगबोट परतताना त्याच किनाऱ्यावर फुटली. मॅकिन्टायर आणि खोरासेब हे तिच्यावरचे दोघे गेले. अन्नपाणी टाकायला आलेलं व्हेंच्युरा विमान उतरलं आणि वाळूत रुतलं. ‘डनेडिन स्टार’वरचे १०६ जण मात्र सगळे वाचले.

खारजमीन: मग आई चूक नव्हत्या. ते किनाऱ्याला लागलेच!

मीठवारा: वाचले ते, जहाज नाही. वाचकाला त्या क्षणी सुटका वाटायला नको. ‘कप्तानाने जहाज वाळूवर घातलं’ एवढंच ठेवू? की ‘घातलं’ने मुद्दाम घात केल्यासारखं वाटतं?

डोलकाठी: नाही वाटत. ‘गाडी शेतात घातली’ म्हणतोच की.

शब्दपारखी: ‘गाडी घातली’ची तक्रारच असते हो. आणि ‘टगबोट’ तरी का? ‘ओढनौका’ आहे ना.

खारजमीन: सांगडीचे टप्पे शोधतोय. उद्या लिहितो.