मदत हवी आहे: इंग्रजीतलं ‘जिप’ (gyp) हे क्रियापद ऑफिसात चालतं का?

आमच्या अमेरिकन साहेबांच्या मसुद्यात ‘वुई गॉट जिप्ड’ आलंय, म्हणजे आपल्याला गंडवलं. तपासायचं काम माझ्याकडे. शब्दकोशांनुसार हे बहुधा ‘जिप्सी’वरून आलंय, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत. आणि जिप्सी ‘इजिप्शियन’वरून, कारण रोमा लोक (ज्यांना जिप्सी म्हणतात ते) इजिप्तचे असा युरोपचा समज होता. मूळचे ते आपल्याकडचे! त्यांच्या भाषेत आजही पाणी म्हणजे ‘पानी’, कान म्हणजे ‘कान’. अख्ख्या समाजाला ठग ठरवणारा शब्द, मला तरी खटकतो. (ब्रिटनमध्ये गुडघा ‘जिप देतो’ म्हणजे ठणकतो, ते वेगळं.)

अमेरिकेत राहणाऱ्यांनी सांगा, लोक यावर खरंच दुखावतात का? गुपचूप ‘चीटेड’ करून टाकू, की साहेबांना कारणही सांगू? माणूस तसा सज्जन आहे.