प्रतिसाद: टर्बो गेला म्हणजे इंजिन गेलं?

पिस्टन इंजिनच्या विमानाबद्दल वर एकाने लिहिलंय, 'टर्बो गेला की इंजिन संपलं.' तसं नाही हो. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. १८,००० फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब जेमतेम १५ इंच (पाऱ्याचे), म्हणजे समुद्रसपाटीच्या निम्मा. टर्बो बंद पडला की मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, तिथवर उतरतं, पण पेट्रोल आधीच्याच मापात येत राहतं. मिश्रण इतकं रिच (हवा कमी, पेट्रोल जास्त) होतं की इंजिन गुदमरून बंद पडतं. मिक्श्चर लीन करत, म्हणजे पेट्रोल कमी करत नेलं की बहुतेकदा परत धरतं. मग उंची कमी करायची.

खरी भीती ऑइलची. इथे सोलापुरात अक्कलकोट रोडला आमच्याकडे डिझेलचे टर्बो येतात. शाफ्ट बोटाने हलवला तर लटपटतो, होजमध्ये काळं ऑइल. विमानातही टर्बोला इंजिनचंच ऑइल असतं. सील गेलं तर ते एक्झॉस्टवाटे निघून जातं. ऑइल प्रेशर उतरायला लागलं की जवळची धावपट्टी गाठा, घरची नव्हे!