श्वाब बोगद्यात नंतर घुसले कोण? ट्राम की मोटार?

रूळप्रेमी:
परवा मोटारस्वार यांनी लिहिले की, जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या श्वाब बोगद्यात रस्त्यावरच ट्रामचे रूळ टाकणे हा मुळातच वेडेपणा होता आणि १९७२ मध्ये तिथली ट्राम बंद झाली तेव्हा शहराला शहाणपण सुचले. हे वाचून गप्प बसवेना. बोगदा १८९६ मध्ये खुला झाला, तेव्हा मोटार ही रस्त्यावर रोज दिसणारी वस्तू नव्हती, शेजारच्या कान्स्टाटला डाइमलर यांच्या कारखान्यात तयार होणारे ते एक नवल होते. कार्ल्सहोए आणि हाझनबर्ग यांच्यामधली डोंगराची सोंड न चढता शहराच्या वेस्ट भागातून पलीकडच्या हेस्लाख वस्तीला सरळ जाता यावे, म्हणून तो खणला, आणि तेव्हाची रहदारी म्हणजे पायी चालणारे लोक आणि घोडागाड्या. लांबी जेमतेम सव्वाशे मीटर, पण रुंदी सुमारे साडेदहा मीटर. त्या काळी युरोपातला तो सर्वांत रुंद बोगदा मानला जाई. ट्राम १९०२ मध्ये आली आणि सत्तर वर्षे चालली. मोटारींची गर्दी त्यानंतरची. मग घरात घुसले कोण?

मोटारस्वार:
आधी आलेल्याचा हक्क भाऊबंदकीतल्या जमिनीला लागू होतो, वाहतुकीला नाही. त्या साडेदहा मीटरांतून दोन्ही बाजूंचे पदपथ वजा करा आणि उरलेल्या जागेत मोटारी व ट्राम एकत्र चालवून दाखवा. रुळावरच्या गाडीला बाजूला होता येत नाही. पुढे एक ट्रक बंद पडला की मागची ट्राम जागच्या जागी खिळते. शिवाय ज्याला आपण नवल म्हणता, त्याच मोटारीमुळे या बोगद्याचे नाव झाले. मोटार ज्यातून गेली असा जगातला पहिला बोगदा म्हणून तो ओळखला जातो.

हेस्लाखची सून:
‘ओळखला जातो’ आणि ‘होता’ यांत फरक असतो, महोदय. राहिला प्रश्न सुखाचा. मी अकरा वर्षे हेस्लाखला राहते आणि मुलीला बाबागाडीत बसवून त्या पदपथावरून रोज नेत असे. त्या दगडी कमानीखाली मोटारींचा आवाज असा घुमतो की बाळ दचकून उठायचे. शहाणपण सुचले म्हणता, ते कोणाच्या कानांना?

जुना मुंबईकर:
मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरे आहेत, म्हणून बोलतो. माझे आजोबा मुंबईच्या ट्राममध्ये कंडक्टर होते. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली, त्या रात्री ते जेवले नाहीत. तिथेही हेच सांगितले गेले की ट्राम रस्ता अडवते. ट्राम गेली, रस्ता मोकळा झाला का?

मोटारस्वार:
प्रत्येक चर्चेत मुंबई आणलीच पाहिजे का? आजोबांबद्दल आदर आहे, परंतु त्यांचा उपवास हा वाहतुकीचा पुरावा नव्हे. श्टुटगार्टने रूळ टाकून दिले नाहीत, जमिनीखाली नेले. शार्लोटेनप्लात्स या शहरातल्या चौकात ट्राम १९६६ मध्येच भुयारात उतरली होती. पुढे १९८५ पासून मीटर रुंदीचे रूळ जाऊन टप्प्याटप्प्याने रुंद रुळांची श्टाटबान, म्हणजे शहरी रेल्वे, आली आणि २००७ च्या डिसेंबरात १५ क्रमांकाची जुनी ट्रामही थांबली. मुंबईत ट्राम गेल्यावर मेट्रो यायला २०१४ उजाडले. तुलना करायचीच असेल तर पुरती करा.

जुना मुंबईकर:
पुरतीच करतो. मुंबईत १८५३ पासून आगगाडी आहे आणि ट्राम गेली तेव्हा लोकल होतीच, हे आपण सोयीने विसरलात. आणि माझ्या आजोबांच्या जेवणाचा हिशेब आपण ठेवू नये.

रूळप्रेमी:
दोघेही बोगद्यात परत याल का? रूळ जमिनीखाली गेले, हे खरे. पण या वाटेवरचे जमिनीखाली गेले नाहीत, ते नुसतेच गेले. १९७८ मध्ये बोगद्याच्या वेस्टकडच्या बाजूला श्वाबश्ट्रासला एस-बानचे, म्हणजे उपनगरी रेल्वेचे, भुयारी स्थानक झाले, आणि तिथे प्रवास संपवणाऱ्या गाड्या हाझनबर्गच्या पोटातल्या वळशातून फिरून शहराकडे परततात. डोंगराच्या पोटापर्यंत शिरतात, पण वेस्टमधून पलीकडच्या हेस्लाखला थेट नेणारा रूळ नाही तो नाहीच.

हेस्लाखची सून:
अगदी बरोबर. आम्हाला त्या बोगद्यातून बस आहे, आणि ती त्याच मोटारींच्या रांगेत उभी असते.

मोटारस्वार:
ठीक आहे. ट्राम मोटारींच्या गर्दीआधी आली, हे लिहून देतो; हवे असल्यास कमानीवर कोरूनही घ्या. ‘मुळातच वेडेपणा’ हे शब्दही मागे घेतो, कारण १९०२ मध्ये तो नव्हता. १९७२ मध्ये होता, आणि ते विधान कायम आहे. बस निदान बंद पडलेल्या ट्रकला वळसा घालून जाते.

हेस्लाखची सून:
त्या बोगद्यात? एकदा स्वतः चालवून दाखवा. मी पदपथावर उभी राहते.